दोन संस्कृतींतले वास्तव्य आणि सर्जनशीलता : तंजावरचा दाखला

सर्जनशीलता हा शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरला जातो, परंतु मानसशास्त्रात त्याची एक बेताची आणि उपयुक्त व्याख्या रूढ झाली आहे : जी कल्पना किंवा कृती नवी असते आणि ज्या प्रयोजनासाठी ती केली त्या प्रयोजनालाही उतरते, ती सर्जनशील. केवळ विचित्र असलेली गोष्ट या व्याख्येत बसत नाही आणि केवळ उपयोगी असलेलीही बसत नाही. एकापेक्षा अधिक संस्कृतींत आयुष्य काढणाऱ्या व्यक्तींच्या किंवा समाजांच्या हातून अशी निर्मिती अधिक होते, असा समज पुष्कळ जुना आहे. तो कितपत खरा आहे, आणि खरा असल्यास वास्तव्यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे असे घडते, याची प्रायोगिक तपासणी मात्र गेल्या दोन-तीन दशकांतलीच आहे. त्या तपासणीतून हाती आलेले निष्कर्ष समजून घ्यायचे, तर प्रयोगशाळेतल्या तासाभराच्या चाचण्यांशेजारी एखाद्या समाजाचा दीर्घ इतिहास ठेवून पाहणे आवश्यक ठरते. मराठी वाचकाच्या दृष्टीने असा इतिहास तंजावरचा आहे. तेथे भोसले घराण्याच्या राजवटीत मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या भाषा, आणि अखेरच्या पर्वात युरोपीय विद्याही, सुमारे पावणेदोनशे वर्षे एकत्र नांदल्या.

प्रायोगिक संशोधनाची सुरुवात एका मेणबत्तीपासून करणे सोयीचे आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक कोडे तयार केले. समोर मेणबत्ती, आगकाड्या आणि टाचण्यांनी भरलेले एक लहान खोके ठेवलेले असते, आणि मेण खाली सांडणार नाही अशा रीतीने जळती मेणबत्ती भिंतीवर बसवायची असते. बहुतेक जण मेणबत्तीलाच टाचण्या टोचू पाहतात किंवा वितळलेल्या मेणाने ती भिंतीला चिकटवू पाहतात. उत्तर मात्र साधे आहे : खोके रिकामे करायचे, ते टाचण्यांनी भिंतीला ठोकायचे आणि फळीसारखा त्याचा उपयोग करून त्यावर मेणबत्ती उभी करायची. हे चटकन सुचत नाही, कारण टाचण्या ठेवलेले खोके पाहणाऱ्याला टाचण्या ठेवण्याचे साधन म्हणूनच दिसते. वस्तूचे परिचित काम मनात इतके घट्ट बसलेले असते की तिचे दुसरे काम दिसत नाही. या अडथळ्याला कार्यबद्धता म्हणता येईल. तेच खोके आधीच रिकामे करून टाचण्यांशेजारी ठेवले, तर कोडे पुष्कळ लोकांना सुटते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेत हेच कोडे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि त्यांच्या परदेशातल्या अनुभवाशी त्यांच्या उत्तरांची सांगड घातली. परदेशात जितका अधिक काळ वास्तव्य झाले होते, तितकी कोडे सुटण्याची शक्यता वाढलेली आढळली. परदेश प्रवासात घालवलेल्या काळाचा मात्र असा संबंध दिसला नाही. प्रवासी परक्या संस्कृतीला पाहतो, पण तिच्या नियमांनी आपला दिवस चालवत नाही. रहिवाशाला ते करावेच लागते, आणि अभ्यासकांच्या पुढील चाचण्यांतून असे सूचित झाले की परक्या परिसराशी स्वतःला जुळवून घेण्याची ही प्रक्रियाच वास्तव्य आणि सर्जनशीलता यांना जोडणारा दुवा आहे. याला जोडून एक मर्यादा सांगणे भाग आहे. मुळातच मोकळ्या मनाची माणसे परदेशी जाऊन राहण्यास अधिक तयार होत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा आकडेवारीवरून निश्चित ठरत नाही. संशोधकांनी स्वभावभेदांचा हिशेब वेगळा काढण्याचा प्रयत्न केला असला, तरी या विषयातले अनेक प्रयोग लहान गटांवरचे, आणि तेही विद्यापीठातल्या सुस्थित तरुणांवरचे आहेत, हे विसरता येत नाही.

या दुव्याच्या अधिक जवळ जाणारा एक प्रयोग अँजेला लिउंग आणि ची-युए च्यू यांचा आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका गटाला केवळ अमेरिकी संस्कृतीची चित्रे दाखवली गेली, दुसऱ्याला केवळ चिनी संस्कृतीची, तर आणखी काहींना दोन्ही संस्कृती शेजारीशेजारी ठेवून किंवा एकमेकींत मिसळलेल्या रूपात दाखवल्या गेल्या. त्यानंतर सिंड्रेलाची गोष्ट तुर्की मुलांसाठी नव्याने लिहिण्यास सांगितले असता, ज्यांनी दोन संस्कृती एकत्र पाहिल्या होत्या त्यांच्या गोष्टी अधिक सर्जनशील ठरल्या. केवळ परकी संस्कृती पाहण्याने तेवढा फरक पडला नाही. परकेपणात स्वतःची अशी काही जादू नाही. दोन गोष्टी एकाच वेळी दृष्टीसमोर असल्या आणि त्यांच्यातली विसंगती मनाला सोडवावी लागली, म्हणजे काही घडते, असा याचा अर्थ दिसतो.

हाच धागा कार्मित टाडमोर यांनी गॅलिन्स्की आणि मॅडक्स यांच्यासमवेत २०१२ साली पुढे नेला. जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या वर्तनाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत काही जण मूळ संस्कृती सोडून नव्या संस्कृतीत विरघळतात, काही नव्या भूमीत राहूनही आपल्याच कोषात राहतात, काही दोहोंपासून तुटतात, आणि काही दोन्ही संस्कृतींशी आपली ओळख राखतात. टाडमोर यांच्या अभ्यासात या शेवटच्या प्रकारातील माणसांची कामगिरी, विरघळलेल्यांपेक्षा आणि कोषात राहिलेल्यांपेक्षाही, सरस आढळली, आणि त्याचे स्पष्टीकरण त्यांच्या विचारपद्धतीत मिळाले. एकाच प्रश्नाच्या दोन परस्परविरोधी बाजू मान्य करून त्यांच्यातले नाते शोधण्याची सवय या माणसांत अधिक होती. ज्याला आईच्या घरचा शिष्टाचार आणि कचेरीतला शिष्टाचार हे दोन्ही खरेच योग्य वाटतात, त्याला रोज हे नाते शोधावे लागते. ज्याने एक शिष्टाचार टाकून दिला, त्याच्यापुढे प्रश्नच उरत नाही.

तंजावरकडे वळल्यावर प्रयोगशाळेतली ही विधाने बरीच पटतात, पण काही ठिकाणी अपुरी वाटू लागतात. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे सत्ता स्थापन केली, त्यापूर्वी तंजावरवर तेलुगू नायकांचे राज्य होते. त्यामुळे कावेरीच्या खोऱ्यातली प्रजा तमिळ, दरबारी काव्यसंगीताची भाषा तेलुगू, शास्त्रचर्चेची भाषा संस्कृत आणि नव्या राज्यकर्त्यांची व त्यांच्या मोडी दप्तराची भाषा मराठी, अशी रचना जन्मास आली. भोसल्यांना यांपैकी एखादी भाषा निवडून बाकीच्या दूर ठेवता आल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी झाली. त्यांनी स्वतः तेलुगूत रचना केल्या, मराठीत नाटके लिहिली आणि पाच भाषांतून चालणारे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले. पाच भाषांची पात्रे एकाच रंगमंचावर आणणाऱ्या या लेखकाला भाषाभेद ही अडचण न वाटता नाट्यवस्तू वाटली, हे त्या दरबाराच्या मनोवृत्तीचे बोलके लक्षण आहे.

शहाजींच्या आणि त्यांच्या वंशजांच्या मराठी नाटकांबाबत मात्र एक खंत व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. दक्षिणेतल्या यक्षगान पद्धतीचा साचा घेऊन लिहिलेली ही नाटके १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’च्या प्रयोगाहून सुमारे दीडशे वर्षे जुनी आहेत. परंतु ती हस्तलिखितांच्या रूपात तंजावरातच राहिली आणि महाराष्ट्रातल्या रंगभूमीच्या जडणघडणीत त्यांचा वाटा पडला नाही. भाव्यांनाही प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांतूनच; म्हणजे मराठी नाटक दोनदा जन्मले आणि दोन्ही वेळा ते दाक्षिणात्य रूपाच्या सहवासात जन्मले. पहिल्या जन्माला प्रेक्षकांची अखंड साखळी लाभली नाही. संस्कृतींच्या संगमातून नवे निर्माण होणे ही एक गोष्ट आणि ते टिकून पुढे पसरणे ही दुसरी, हा भेद मानसशास्त्रीय प्रयोगांच्या कक्षेत येत नाही. इतिहासात तो ठळकपणे दिसतो.

या परंपरेचा कळस सरफोजी दुसरे यांच्या काळात, १७९८ ते १८३२ या वर्षांत, गाठला गेला. सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते, त्यामुळे मराठी घर, तमिळ परिसर आणि युरोपीय विद्या यांचा संस्कार त्यांच्यावर लहान वयातच झाला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्यांच्या हाती किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. ही राजकीय पराभूतता आणि त्यांच्या सांस्कृतिक कार्याचा विस्तार यांचा परस्परसंबंध असावा, असे मानण्यास जागा आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी केलेला विस्तार, धन्वंतरी महालात देशी वैद्यकाबरोबर चालवलेला पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास, चित्रांसह ठेवलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेख या सर्व गोष्टी प्रसिद्ध आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची एक लहान साहित्यकृती या सर्वांहून अधिक बोलकी आहे.

ही कृती म्हणजे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्य. कुरवंजी हा तमिळ साहित्यातला लोकप्रिय प्रकार असून त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो : मिरवणुकीत दिसलेल्या देवावर किंवा राजावर नायिका भाळते, विरहाने व्याकूळ होते, आणि तेव्हा डोंगरातली भविष्य सांगणारी कुरव जमातीतली स्त्री प्रवेश करते. ती आपल्या डोंगराचे, तिथल्या धबधब्यांचे आणि आपण पालथ्या घातलेल्या देशांचे वर्णन करते, मग नायिकेचा हात पाहून तिला मीलनाचे आश्वासन देते. देशवर्णनाचा भाग या प्रकारात हमखास येतो आणि त्याचे परिचित काम रसनिर्मितीचे असते. सरफोजींनी हा भाग वेगळ्या कामास लावला. त्यांच्या नाट्यात इंद्राणीपुढे आलेली कुरवंजी पृथ्वीवरील खंडांची आणि देशांची माहिती सांगते, आणि ती माहिती युरोपीय भूगोलाची आहे. डुंकरच्या कोड्यातले खोके येथे अक्षरशः रिकामे होऊन फळीचे काम करू लागलेले दिसते. जन्मभर तमिळ कुरवंजीच पाहिलेल्या रसिकाला देशवर्णन हे देशवर्णनच वाटणार. युरोपीय पाठ्यपुस्तकातून भूगोल शिकलेल्या आणि कुरवंजीचा प्रकार न जाणणाऱ्या शिक्षकाला शिकवण्यासाठी वर्ग आणि फळा यांपलीकडे काही सुचणार नाही. भटक्या स्त्रीच्या तोंडी जगाचे वर्णन येणे हे नाट्यदृष्ट्या स्वाभाविक आहे आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी तेच उत्तम साधन आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी दिसण्यासाठी दोन्ही घरांत वावर असावा लागतो. त्यातही रचना मराठीत असल्यामुळे राजघराण्यातल्या आणि दरबारातल्या मराठी श्रोत्यांना तमिळ साचा आणि परका विषय दोन्ही आपल्या भाषेत मिळाले.

व्हायोलिनचा इतिहास हेच वाद्याच्या बाबतीत दाखवतो. युरोपातून आलेल्या या वाद्याला पडदे नसतात, त्यामुळे तारेवर बोट घसरवून दोन स्वरांमधली सारी जागा गाता येते. कर्नाटक संगीतात गमक, म्हणजे स्वराला दिलेले आंदोलन, हा प्राण आहे, आणि त्याला असे वाद्य हवेच होते. कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी, सरफोजींच्या दरबारातील वराहप्पय्यर आणि दरबारी नृत्याचार्य वडिवेलू ही नावे या वाद्याच्या दाक्षिणात्य रूपाशी जोडलेली आहेत. वादक जमिनीवर मांडी घालून बसू लागला, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवले गेले आणि तारा षड्ज-पंचमात जुळवल्या गेल्या. युरोपीय वादक हे वाद्य उभा राहून खांद्यावर धरीत असे आणि त्याचे स्वरमिलाप वेगळ्या हिशेबाने लावीत असे. त्या साऱ्या सवयी ज्यांना बंधनकारक नव्हत्या, पण वाद्य हाताळण्याची विद्या ज्यांनी मन लावून शिकून घेतली, त्यांनाच हे जमले. अपरिचयामुळे मिळणारे स्वातंत्र्य आणि परिचयामुळे मिळणारे कौशल्य यांचा हा योग आहे, आणि वरवर पाहणाऱ्या प्रवाशाकडे यांपैकी फक्त पहिली गोष्ट असते.

नृत्याच्या क्षेत्रात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी सादिर नृत्याचा जो क्रम बांधला, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, तोच पुढे भरतनाट्यमचा रूढ कार्यक्रम झाला. त्याच परिसरात सरफोजींनी मराठीत नृत्यासाठी रचना केल्या आणि ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्यांचा संच उपलब्ध आहे. जिन्नस हा व्यापारी-कारकुनी शब्द नृत्यरचनांना लावलेला पाहून त्या दरबाराच्या मिश्र बोलीचा स्वाद चाखता येतो. १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा तिच्यासोबत तिथल्या नर्तकी आणि त्यांचे वादक बडोद्यास आले. त्यांच्या परंपरेतल्या गुरूंनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नृत्य शिकवले. या इतिहासात राजांची नावे सहज सापडतात, परंतु मराठी, तेलुगू आणि तमिळ अशा तिन्ही भाषांतल्या रचना पाठ करून त्यांना शरीरातून अर्थ देणाऱ्या देवदासी स्त्रियांची नावे फारच थोडी उरली आहेत. दोन संस्कृतींशी जुळवून घेण्याचे खरे कष्ट ज्यांनी उपसले त्यांची नोंद न राहणे हा अन्याय आहे. सर्जनशीलतेच्या प्रयोगांत स्वेच्छेने परदेशी गेलेले विद्यार्थी पाहिले जातात. आश्रितपणामुळे किंवा पोटासाठी दुसऱ्याची संस्कृती आत्मसात करणाऱ्यांचा अनुभव त्याच मापाने मोजणे योग्य होणार नाही.

काळाच्या दृष्टीनेही या प्रक्रियेकडे पाहिले पाहिजे. डीन सायमंटन यांनी १९९७ साली जपानच्या सहाव्या शतकापासून १९३९ पर्यंतच्या इतिहासाचे संख्याशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात परकीय प्रभावाला दार उघडल्यानंतर काही क्षेत्रांत राष्ट्रीय कर्तृत्वाची वाढ होते, पण ती लगेच न होता सुमारे दोन पिढ्यांच्या अंतराने होते, असे आढळले. तंजावरच्या कीर्तनाची कहाणी याच्याशी मिळतीजुळती आहे. समर्थ रामदासांच्या शिष्यांचे मठ सतराव्या शतकातच तेथे पोहोचले होते आणि मराठी कीर्तन हरिभक्तांच्या कानावर पडत होते, परंतु त्यातून तमिळ हरिकथेचे पूर्ण रूप सिद्ध होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मोरगावकर रामचंद्रबुवा या मराठी कीर्तनकारांच्या तेथील कीर्तनांचा प्रभाव तंजावर कृष्ण भागवतर यांच्यावर पडला आणि त्यांनी हरिकथा कालक्षेपाला नवे वळण दिले. एकच कथाकार, त्याच्या मागे साथीदार, निरूपणाबरोबर गायन आणि साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग या मराठी वृत्तांची योजना हा साचा महाराष्ट्राकडून आला. राग, ताल आणि तमिळ-तेलुगू-संस्कृत वाङ्मयाचा भरणा कावेरीच्या काठचा होता. आजही तमिळ हरिकथा सांगणारे साकी आणि दिंडी हे शब्द वापरतात. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की तंजावरचे राज्य १८५५ मध्येच खालसा झाले होते. सत्ता गेली, राजाश्रय आटला, आणि त्यानंतर कीर्तनाचा हा संकर बहरास आला. राजाने आज्ञा करून तो घडवला नव्हता. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिलेल्या घरांनी एकमेकांचे गाणे ऐकले होते.

वास्तव्याची खोली आणि वास्तव्याची विविधता यांतला फरक आधुनिक काळातल्या एका अभ्यासातही दिसतो. फ्रेडेरिक गोदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मोठ्या फॅशन संस्थांच्या सर्जनशील संचालकांचा परदेशातला कार्यानुभव आणि त्यांच्या संग्रहांची नावीन्यदृष्ट्या झालेली पारख यांची तुलना केली. परदेशात किती काळ मुरून काम केले याचा सर्वांत मोठा प्रभाव दिसला. किती देश पालथे घातले आणि ते देश आपल्या संस्कृतीपासून किती दूरचे होते, यांचा लाभ मात्र एका मर्यादेपर्यंतच वाढत गेला आणि पुढे घटला. फार दूरच्या आणि फार विखुरलेल्या अनुभवांत मनाला आपली मुळे रोवण्यास जागा मिळत नाही, असे या घटीचे स्पष्टीकरण देता येते. तंजावरच्या मराठ्यांच्या पिढ्या नव्या नव्या देशांत फिरल्या नाहीत. कावेरीचे पाणी पिऊन, तमिळ शेजाऱ्यांत राहून, मराठीत दप्तर लिहून त्यांनी एकच दुसरी संस्कृती मुरवली, आणि मग त्यात युरोपीय विद्येचे विरजण घातले.

दाक्षिणात्य मराठी म्हणून ओळखली जाणारी बोली आजही त्यांच्या वंशजांच्या घरी बोलली जाते, आणि तिच्यात तमिळ शब्द सहज मिसळलेले आहेत. सरस्वती महालातली आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठातली मोडी बाडे वाचण्यासाठी मोडी लिपी, जुनी मराठी आणि तमिळ मुलखाची माहिती या तिन्हींची जाण लागते. ती एकत्र असलेले अभ्यासक थोडे आहेत. नर्तकींचे पगार, वादकांच्या नेमणुका, नाटकांचे खर्च आणि वैद्यांच्या नोंदी अशा कागदांत असतात, आणि दरबारात कोण कोणाकडून काय शिकले हे त्यांतूनच उलगडायचे आहे.